कुंडावर कोणी नाही

"स्वेटर कुठल्या रंगाचा म्हणालास?" उतेकर मास्तरांनी विचारलं.

"खाकी. एस्टीवाल्यांचा असतो ना, तसला," शुभम म्हणाला. "आणि साडी आमसुली. पदर डोक्यावरनं घेतलेला. पाठमोरी बसलेली हो मास्तर, कुंडात पाय सोडून. मी गाडी स्लो केली. म्हटलं, येवढ्या पहाटे ही कोण बाई एकटी? वाफ तर अशी, की कमरेखालचं काय दिसतच नाय."

"मग?"

"मग काय? फर्स्ट शिफ्ट होती. थांबलोच नाय."

शुभम सव गावाच्या पलीकडचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि रोज मोटरसायकलवरून सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवरून जायचा. तिथे जे दिसलं ते सांगायला शिफ्ट सुटल्यावर तो घरी न जाता सरळ चवदार तळ्यामागे मास्तरांच्या खोलीवर आला होता. महाड-पोलादपूर भागात कुणाला असलं काही दिसलं, की माणूस आधी उतेकर मास्तरांकडे येतो आणि ताप भरलाच तर मग डॉक्टरकडे जातो, अशी पद्धतच पडून गेली होती.

मास्तरांनी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. किती लांबून पाहिलंस, वारा कुठला होता, कुत्री भुंकत होती का, आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस. शुभमने उत्तरं दिली, चहा अर्धा टाकला आणि गेला. चहा वाईट होता हे मास्तरांनाही माहीत होतं. येसू गेल्यापासून तो तसाच होत होता.

शुभमला एक गोष्ट माहीत नव्हती. आमसुली साडीवर एस्टीचा खाकी स्वेटर चढवून दर शनिवारी सवच्या कुंडावर गुडघे शेकायला जाणारी बाई अख्ख्या महाडात एकच होती. येसूबाई उतेकर, मास्तरांची बायको. ती भाद्रपदात गेली आणि आता पौष चालू होता.

मास्तरांनी कप विसळले. आता रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. भाद्रपदापासून आलंच नव्हतं. दारात बोट चेमटलं की काही वेळ ते नुसतं बधिर राहतं, दुखणं मागून येतं. तसंच काहीतरी असेल म्हणून ते इतके दिवस वाट पाहत होते. लोक भेटायला आले, गेले, लेक अक्षदा डोंबिवलीहून येऊन राहिली आणि परत गेली, तरी दुखणं आलं नाही.

मोरेश्वर उतेकर मूळचे कापडे गावचे. एस्टीत कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते त्यांना जन्मभर चिकटलं. नव्या माणसांना ते शाळेतले वाटत आणि मास्तरही ते फारसं मनावर घेऊन दुरुस्त करत नसत. ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर. म्हणजे संध्याकाळी महाडहून सुटायचं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एखाद्या शेवटच्या वाडीत गाडी उभी करायची, देवळात नाही तर शाळेच्या पडवीत पथारी टाकायची आणि पहाटे माणसं भरून परत फिरायचं. जेवणं आटोपली की वाडीतले म्हातारे गप्पांना येऊन बसत. त्यांचे विषय दोनच, जमीन आणि भुतं. जमिनीवरून भांडणं लागत, म्हणून भुतंच जास्त निघत. वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, शिवेवरचा राखणदार. मास्तर ऐकत आणि रजेच्या दिवशी लिहून काढत.

त्याचं पुस्तक झालं. महाड स्टँडवरच्या स्टॉलवर ते पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसून खपायला लागलं. मग दुसरं झालं, तिसरं झालं, दिवाळी अंकवाले मागे लागले. मास्तरांचा खरा जीव मात्र इतिहासात. कुठली वाडी कधी वसली, कुठल्या देवळातली घंटा कुठून आली, घाटावर मीठ कोण नेत होतं. या दोन तालुक्यांतल्या गावांचा इतिहास त्यांनी पायी हिंडून लिहिला आणि स्वतःच छापला. तो कुणी विचारला नाही. सगळ्या प्रती पलंगाखाली होत्या. पुराच्या वर्षी त्या भिजून अशा फुगल्या, की पलंगच वर उचलला गेला. "चला, तुमच्या इतिहासाने काहीतरी उचललं एकदाचं," येसू म्हणाली होती.

भुतांच्या बाबतीत मास्तरांचे नियम ठरलेले होते. एका तोंडून ऐकलेलं लिहायचं नाही, दुसरं माणूस तेच सांगेपर्यंत थांबायचं. आणि आपण स्वतः बघायला कधीच जायचं नाही. "बघायला गेलं की नसतं," ते म्हणत, "आणि असलंच, तर लिहायला परत कोण येणार?" येसूचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. "तुमच्या भुतांना गुडघे नसतात," ती म्हणायची, "म्हणून फिरतात नुसती." तिला होते. दर शनिवारी पहाटे ती सहा आसनी रिक्षाने सवला जायची आणि उन्हं वर आली की परत यायची. एकदा माझ्याबरोबर चला तर खरं, असं तिने कितीदा म्हटलं असेल. मास्तर म्हणायचे, पुढच्या शनिवारी. त्यांचं सदर यायचं ते साप्ताहिक शनिवारीच निघायचं आणि सकाळी स्टँडवर जाऊन पहिली प्रत हातात घेण्यात त्यांना गोडी होती.

दुसरं माणूसही लवकरच भेटलं. बाजारात भाजी विकायला बसणारी बनुबाई. तिने वालाच्या शेंगा तोलता तोलता आवाज खाली घेतला.

"मास्तर, रागावू नका हां. शनवारी मी सववरनं येत होते टेम्पोत. कुंडावर येसूवयनी बसलेल्या. मी हाक मारली की, 'ओ येसूवयनी' म्हणून. मागं वळूनच बघितलं नाय. टेम्पोवाल्याला म्हटलं, पळव रे गाडी."

"नीट दिसल्या?"

"स्वेटर तोच हो. मी काय वळखत नाय?"

मास्तर शेंगा तिथेच विसरून घरी आले. येसू कुठेतरी बसलेली आहे, पाय शेकते आहे, या विचाराने त्यांना बरं वाटलं. स्वतःची लाज वाटावी इतकं बरं वाटलं. दोन माणसांनी सांगितलं होतं, नियम पाळला गेला होता. त्यांनी लिहायला घेतलं आणि एका बैठकीत सदर पुरं केलं. नाव लपवलं नाही. येसूबाई मोरेश्वर उतेकर असं सरळ लिहिलं. शेवटी लिहिलं, "मी पाहिलेलं नाही, ऐकलं ते लिहिलं. ती असेल तर तिने सावकाश बसावं. घाई नाही."

ते सदर महाडने जेवढं वाचलं तेवढं मास्तरांचं दुसरं काहीच वाचलं नव्हतं. मोबाइलवरून ते बिरवाडीपासून मुंबईपर्यंत फिरलं. स्टँडवर माणसं हात धरून थांबवायची. "मास्तर, वहिनी आहेत हो अजून," असं एक निवृत्त तलाठी म्हणाले आणि त्यांचेच डोळे भरून आले. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्याला न येणारी गोष्ट या माणसाला इतकी सहज कशी येते, याचं त्यांना नवल वाटलं.

अक्षदाचा फोन आला. "बाबा, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"लोकांना आवडलंय."

"लोकांचं सोडा. बाबा, तो स्वेटर तर आपण तेराव्याला..."

"गॅसवर दूध आहे गं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळीच दाराशी कुणीतरी उभं राहिलं. मास्तरांना आधी स्वेटर दिसला. छातीवर जिथे कंडक्टरचा बिल्ला लावून लावून भोक पडलं होतं, तिथे येसूने हिरव्या लोकरीने रफू केलं होतं. खाकी लोकर मिळत नाही म्हणाली होती, तुम्हाला कोण बघतंय. ते हिरवं रफू दारात उभं होतं. मास्तर खुर्चीतून उठले आणि परत बसले.

"मी ठमाबाय," बाई म्हणाली. "सवच्या वरल्या वाडीतली. वळखलं नाय ना तुमी?"

येसूच्याच वयाची, तिच्याहून काळी आणि वाळलेली. कपाळावर एका बाजूला खरचटून खपली धरली होती. तिने हातातली पिशवी उंबऱ्यात ठेवली. पिशवीत आमसुली साडी होती, घडी करून.

"हे परत घ्या. स्वेटर बी काढून देते. थंडी होती म्हणून घालून आले."

"हे तुमच्याकडे कसं?"

"अक्षदाताईंनी दिलं नाय का तेराव्याला? तुमी थितंच बसलेले. माझ्याकडंच बघत होते."

मास्तरांना त्यातलं काही आठवेना. तेराव्याला कोण जेवलं आणि कोण नुसतं हात जोडून गेलं, काही म्हणजे काही आठवेना. त्यांनी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

"शनवारी मी आणि येसूवयनी एका पायरीवर बसायचो," ती म्हणाली. "माझे बी गुडघे गेलेत. त्या भाकरी आणायच्या, मी शेंगा न्यायची. लय हसवायच्या वो. तुमच्या भुतांची नक्कल करायच्या."

"माझ्या भुतांची?"

"आणि तुमची बी." ती जराशी हसली. "आमच्यात गेलेल्या माणसाचं दिलेलं पेटीत ठेवत नायत. आंगावर वापरायचं. आपण नेसलं तर त्याला पोचतं, आपण खाल्लं तर त्याला पोचतं. म्हटलं, त्यांची साडी नेसून, त्यांचा स्वेटर घालून मी पाय भिजवले तर त्यांच्या गुडघ्यांना पोचंल. त्यांचा शनवार मी चुकू दिला नाय."

मास्तरांनी विचारलं, "बनुबाईने हाक मारली होती. तुम्ही वळून का पाहिलं नाहीत?"

"हाक येसूवयनींची होती," ठमाबाई म्हणाली. "मी कशी ओ देणार?"

बाहेर गल्लीतून गॅसवाल्याची गाडी गेली. ठमाबाईने कपाळावरच्या खपलीला बोट लावलं आणि आता मुद्द्याचं बोलायचं म्हणून पदर सावरला.

"पेपरात आलं तवापासनं रिक्षावाले मला घेत नायत. पोरं लपून दगड मारतात. सून जेवण लांबनं सरकवते, म्हणते, तुमाला धरलंय त्या बाईनं. लेक मला शनवारी भगताकडं न्यायचं म्हणतो. तो भगत मिरच्यांची धुरी देतो मास्तर, केस धरून चाबकानं मारतो. मी लेकाला म्हटलं, सोनबा, मी तुझी आय हाय रे, मला काय झालेलं नाय. तर म्हणतो, मास्तरांनी लिवलंय ते काय खोटं लिवलंय?" तिने मास्तरांकडे पाहिलं. "तुमीच लिवा आता. थितं कोण नाय म्हणून लिवा."

ती उठली आणि स्वेटरची बटणं काढायला लागली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "थंडी आहे. साडीही न्या. शनिवारी नेहमीसारख्या या कुंडावर, आणि लेकाला म्हणावं, भगताकडे जायच्या आधी तिथे ये."

ती गेल्यावर मास्तर कागद पुढे घेऊन बसले. भुतं लिहिताना त्यांचा हात कधी अडला नव्हता, आज अडला. तिथे कोणी नाही, असं लिहायचं म्हणजे येसूला परत एकदा नेऊन पोचवायचं होतं, आणि या वेळी खांद्याला दुसरं कुणी नव्हतं. न लिहावं तर एका बाईचे केस धरले जाणार होते. अंधार पडायच्या आत त्यांनी ते लिहून टाकलं आणि हर्षदकडे नेऊन दिलं. हर्षद साप्ताहिकाचा संपादक. उरलेल्या वेळात लग्नपत्रिका छापायचा.

त्याने उभ्याउभ्या वाचलं. "सवच्या कुंडावर येसूबाई उतेकर नाहीत. त्या भाद्रपदात वारल्या. तिथे बसतात त्या ठमाबाई. त्यांच्या अंगावरची साडी आणि स्वेटर माझ्या घरातून दिलेला आहे. माझं आधीचं लिहिणं चुकलं." एवढंच होतं. दोन तालुक्यांतली कितीतरी माणसं वारल्याचं मास्तरांनी आजवर लिहिलं होतं. येसूच्या नावापुढे तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच घातला होता.

"छापतो, काका," हर्षद म्हणाला. "पण राहू दिलं असतं तर? लोक हळवे झालेत हो. आणि खरं सांगू? आहे म्हटलं की लोक ऐकतात. नाही म्हटलं की म्हणतात, मास्तरांवर कुणीतरी दबाव आणला."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग जावं लागेल," मास्तर म्हणाले.

शनिवारी पहाटे ते स्टँडवर गेले, पण साप्ताहिकाच्या गठ्ठ्याकडे वळले नाहीत. चांगू रिक्षावाल्याची सहा आसनी सवकडे निघाली होती. मास्तर मागे बसले तशी आतली माणसं सरकून बसली. चांगूने आरशातून पाहिलं.

"मास्तर, बघायला चाललाव?"

"बसायला चाललोय."

"आमी पण येऊ काय?"

"या की. सगळेच या."

कुंडाच्या वर रस्त्याला आधीच माणसं उभी होती. सदर आल्यापासून शनिवारी तिथे अशी गर्दी व्हायला लागली होती. कुणी मोबाइल वर धरलेला, कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं. शुभम मोटरसायकल थांबवून उभा होता. त्याला आज शिफ्टची घाई नसावी. एका बाजूला मफलर गुंडाळलेला दांडगा माणूस हाताची घडी घालून उभा होता. तो सोनबा असणार. ठमाबाई खाली एकटीच होती, साडी नेसून, स्वेटर घालून. पायरीवर बसायचा तिला धीर होत नव्हता.

मास्तर खाली उतरले. त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायरीवर बसले. मग वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा गाडीतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "ठमाबाई, या. बसा इथे."

ठमाबाई शेजारी येऊन बसली. वर कुजबुज झाली. भुताच्या शेजारी बसलेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि उतेकर मास्तरांना तर भुताच्या कुठल्याच जागेवर कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी तिला शेंगा कशा लागल्या यंदा, ते विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी सुनेचं माहेर विचारलं. तेही तिने सांगितलं. लोक ऐकत होते. पिकाचं आणि पाहुण्यारावळ्यांचं बोलणं ऐकता ऐकता त्यांचा उत्साह कमी होत गेला. एकाने मोबाइल खिशात टाकला. पोर खांद्यावरून उतरलं. शुभमने गाडीला किक मारली.

"ती कुठे बसायची?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं.

"तुमी बसलाव थितंच."

मास्तरांनी पाय पाण्यात सोडले आणि तसेच वर ओढून घेतले. पाणी भयंकर गरम होतं. बोटं लाल झाली होती. येसू इतक्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची, हे त्यांना माहीत नव्हतं. या कुंडांचा इतिहास त्यांनी चार पानं लिहिला होता.

"पयल्यांदा भाजतं," ठमाबाई म्हणाली. "मग नाय कळत. त्या तर सरळ गुडघ्यापर्यंत सोडायच्या."

मास्तरांनी पाय परत सोडले, सरळ गुडघ्यापर्यंत.

वरून सोनबाची हाक आली. आवाज अजून घुश्शातलाच होता, पण हाक साधी होती. "आये! चल, च्या निवतोय."

"ओ! आले रे," ठमाबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ओला काठ पिळला आणि पायऱ्या चढून लेकाबरोबर टपरीकडे गेली. खाकी स्वेटर थोडा वेळ माणसांत दिसला, मग दिसेनासा झाला.

रस्ता मोकळा झाला. मास्तर येसूच्या जागी एकटेच बसले होते. भाजायचं थांबेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. ते थांबलं नाही. पोटऱ्यांतून वर गुडघ्यांत आलं, तिथून आणखी वर, पार डोळ्यांपर्यंत. मास्तरांनी पाय काढले नाहीत.